आधी मोजू द्या

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग बनवणारे अनेक लहान-मध्यम कारखाने आहेत. त्यांतल्याच एकात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. भरतीला नवीन मुलं-मुली आली की मार्कलिस्टवर मी फार वेळ घालवत नाही. टेबलावर एक पोलादी पिन आणि एक व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, ठेवते आणि सांगते, "व्यास मोज, कागदावर लिही. मग परत मोज आणि तेही लिही."

पहिल्यांदा १२.०४ मिलिमीटर येतं, दुसऱ्यांदा १२.०२. आणि मग हात पेनाकडे जातो. पहिल्या आकड्यावर काट बसते आणि तिथेही १२.०२ लिहिलं जातं.

"खोडलंस का रे?"

"चुकलं होतं, मॅडम."

"कशावरून?"

यावर उत्तर नसतं. चुकलेलं काहीच नसतं. पिन एका टोकाला किंचित जाड असते. तशीच मी निवडून ठेवलेली असते. एक माप एका टोकाचं, दुसरं दुसऱ्या टोकाचं, दोन्ही खरी. त्या दोन आकड्यांमधला फरक हीच त्या पिनेबद्दलची सगळ्यात कामाची माहिती होती आणि नेमकी तीच खोडली गेली. दहावीला ऐंशी-नव्वद टक्के मिळवलेली मुलंही हेच करतात, आयटीआयवाली करतात, डिप्लोमावाली करतात. फारच थोडी थांबतात, पिन फिरवून बघतात, तिसऱ्यांदा मोजतात आणि विचारतात, "मॅडम, ही सरळ नाहीये का?" अशा मुलाला किंवा मुलीला मी त्याच दिवशी कामावर घेते.

भविष्यातल्या नोकऱ्यांसाठी विज्ञान आणि गणिताचं शिक्षण मजबूत करायला हवं, हे आता प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येतं. पटतंही. पण मजबूत करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं विचारलं की बोलणं कोडिंग, रोबो आणि एआयकडे वळतं. ते येऊ द्या, यायलाच हवं. मला त्याच्याही आधीची गोष्ट मांडायची आहे. आपल्या मुलांना स्वतःच्या हाताने मोजण्याची, जे आलं ते लिहिण्याची आणि त्यावर विचार करण्याची सवय आपण लावत नाही. उलट ती मोडतो.

खोडण्याची ही सवय त्यांना लावलेली आहे. साध्या दोलकाचा प्रयोग आठवून बघा. गुरुत्वत्वरणाची किंमत ९.८ यायला हवी हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. म्हणून तळाशी ९.८ लिहायचं आणि तिथून मागे मागे जात दोलनांचे सेकंद ठरवायचे. ताईचं किंवा शेजारच्या दादाचं गेल्या वर्षीचं जर्नल हाताशी असलं तर तेवढेही कष्ट नाहीत. दहावीला विज्ञानाच्या दोन लेखी पेपरांचे मिळून ८० गुण आणि प्रात्यक्षिकाचे २०. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक शाळांत या वीसपैकी अठरा-एकोणीस जवळजवळ सगळ्यांच्या पदरात पडतात. प्रयोगशाळेचं कपाट वर्षातून एकदा, परीक्षेच्या आधी, धूळ झटकण्यासाठी उघडतं. काच फुटेल, अॅसिड सांडेल, साहित्य हरवलं तर भरपाई कोण देणार, अशा भीतीने ते बंद राहतं, आणि ती भीती खोटी नाही. एका शिक्षकाकडे तीन वर्गांचं गणित, दोन वर्गांचं विज्ञान, शिवाय निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं आणि रोजची ऑनलाइन माहिती भरणं. त्याने साठ मुलांना गटागटाने दोलक कधी हलवू द्यायचा? त्यामुळे मी शिक्षकांवर खापर फोडायला बसलेली नाही. पण मुलांच्या हाताला काय वळण लागतंय, ते मला रोज टेबलावर दिसतं.

आणि हे नाशिकमध्ये घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण आपलं शहर मापावर जगतं. मायको सर्कल हे नाव ज्या कारखान्यामुळे पडलं, तिथे डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बनतात. नोझलच्या आतली सुई आणि ती ज्यात सरकते ते छिद्र यांच्यात दोन-चार मायक्रॉनची फट राखावी लागते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. ओझरला १९६४ साली एचएएलचा विमान कारखाना सुरू झाला. मिग झाली, सुखोई झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. अशा विमानाचे लहान-लहान भाग गावोगावच्या कारखान्यांतून येतात. तिथल्या सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, उभ्या असलेल्या मुलाने एक आकडा 'जुळवून' लिहिला तर काय होईल, याचा विचार मी मुद्दाम मुलांसमोर मोठ्याने करते.

कारखाने बाजूला ठेवा, द्राक्षबागेत चला. माझा मामेभाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. हंगामात त्याच्या तोंडी पीपीएमखेरीज, म्हणजे दहा लाखांत किती भाग याखेरीज, दुसरी भाषा नसते. जीए (जिबरेलिक अॅसिड हे वाढनियंत्रक) किती पीपीएमने मारायचं, कितव्या दिवशी, घड बुडवायचे की फवारायचं. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम, हा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. पण टाकी २०० ची नसून १५० लिटरची निघाली आणि डोस १५ पीपीएमचा हवा असला की त्याच्याकडे येणारे बारावी झालेले मदतनीस फोन काढतात, आणि फोनमध्ये कशाला कशाने गुणायचं-भागायचं तेच उमजत नाही. सातवीतलं प्रमाण आहे हो हे! १५० लिटरला सव्वादोन ग्रॅम.

या प्रमाणाला केवढं मोल आहे, ते नाशिक जिल्ह्याने २०१० साली पाहिलं. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हा आकडा वाचून काहीच कळत नाही, म्हणून तो कंटेनरला लावून बघा. साधारण १३ टन द्राक्षं धरली तर अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून तो पदार्थ साडेसहाशे मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमसुद्धा चालत नव्हता. हे गणित मी एकदा भावाच्या ओट्यावर पाटी घेऊन मांडलं. आसपासची बागायतदार मंडळी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. उर्वरित अंश, प्रयोगशाळेचा अहवाल, ब्रिक्स, म्हणजे द्राक्षाची गोडी, मोजायला आलेला व्यापारी, सगळं त्यांच्या रोजच्या व्यवहारातलं. पण त्यांच्यातल्या कुणालाही शाळेत दशांश चिन्हानंतरच्या शून्याची भीती सोडून दुसरं काही मिळालेलं नव्हतं.

ग्रामीण शिक्षणाच्या २०२३ च्या 'असर' पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुला-मुलींपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं साधारण ४३ टक्क्यांनाच जमलं. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं मतदानाच्या वयाला पोचत आली तरी भागाकारापाशी अडलेली. त्यांच्यापुढे रोबोटिक्सचं किट ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. ते किट वाईट आहे म्हणून नव्हे; सेन्सरने दाखवलेला आकडा खरा की खोटा हे ठरवायला लागणारा पाया त्यांना दिलेला नाही म्हणून.

आकडा खरा की खोटा हे ओळखणं, माझ्या मते, येत्या काळातलं सगळ्यात मोठं कौशल्य असणार आहे. यंत्र उत्तर देईल. ते उत्तर शक्य तरी आहे का, हे माणसाला सांगता यावं लागेल. मुलाखतीत मी आणखी एक प्रश्न विचारते: ५० मिलिमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा पोलादी बार, वजन किती? कॅल्क्युलेटर वापरायची मुभा असते. एकाने उत्तर दिलं, १५४ किलो. दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं, ते कुणाचंही सरकतं. मी तसाच एक बार कोपऱ्यात उभा ठेवलेला होता. म्हटलं, "उचल बरं." त्याने तो उचलला, हातात धरून उभा राहिला, आणि मग आपणच हसला. "पंधरा-सोळा असेल, मॅडम." बरोबर, १५.४.

बांधकामावरच्या कुठल्याही सुपरवायझरला विचारा, तो सांगेल: व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरमागे इतके किलो. ५० चा वर्ग २५००, भागिले १६२, झाले १५.४. हा १६२ कुठून आला, हे मात्र सांगणारा विरळा. पोलादाची घनता आणि वर्तुळाचा पाय (π) यांतून तो निघतो. नववी-दहावीच्या मुलाला फळ्यावर पाच ओळींत काढता येतो. एखाद्या वर्गात मुलांनी तो स्वतः काढला, मग बार तोलून पाहिला, तर घनता नावाची गोष्ट त्यांना आयुष्यभर विसरता येणार नाही.

गणिताची भीती हा विषय निघाला की मला कापरेकर सरांची आठवण होते. त्यांना मी पाहिलं नाही. माझ्या आईच्या माहेरची माणसं देवळालीची, त्यांच्याकडून ऐकलंय. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. तरीही त्यांचं नाव आज जगभर गणिताच्या पुस्तकांत आहे, आणि ते ज्या शोधामुळे आहे त्याला फक्त वजाबाकी लागते.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. एमएच-१५ च्या एखाद्या गाडीचा नंबर घेऊ, ४३५२. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर हेच केलं तर परत ६१७४ च येतात. दुसरी संख्या घ्या, तिसरी घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामाला पोचता. हे सरांच्या १९४९ साली लक्षात आलं. त्यांच्या 'स्वयंभू' संख्याही आहेत, ज्या देवळालीच्या नावानेही ओळखल्या जातात. कुठलीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली तरी ज्या कधीच तयार होत नाहीत, त्या स्वयंभू. १४ मध्ये १ आणि ४ मिळवले की १९ होतात, १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की थेट २१. मधला २० कुणापासूनच होत नाही.

मोठ्या गणितज्ञांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. १९७५ साली गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव सर्वदूर झालं. सर तोवर निवृत्तही झाले होते.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची चिकाटी. कुणी प्रश्न दिलेला नव्हता, गुण मिळणार नव्हते. आकडे मांडायचे, वजाबाकी करायची, काय आलं ते लिहायचं, पुन्हा करायची. पिन तिसऱ्यांदा मोजणारी मुलगी आणि कापरेकर सर मला एकाच घराण्यातले वाटतात. नाशिकच्या प्रत्येक शाळेत पाचवीपासून ६१७४ चा खेळ व्हायला हवा, असं मी भेटेल त्या मुख्याध्यापकांना सांगते. शाळा सुटल्यावर फाटकासमोर उभ्या गाड्यांचे नंबर घ्यायचे आणि कुणाची गाडी किती पायऱ्यांत पोचते ते लिहायचं. वजाबाकीचा एवढा सराव कुठल्याही स्वाध्यायाच्या वहीतून होणार नाही.

दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे प्रयोगशाळा म्हणावी असं काही नाही. त्यांनी मैदानात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवली आहे. जानेवारीपासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सातवीची एक तुकडी थांबते आणि तिची सावली मोजते. पहिली गंमत लगेच होते. बारा वाजता सावली सगळ्यात आखूड असणार, असं सगळ्यांना वाटत असतं. ती असते पाऊणच्या सुमाराला. का? कारण आपलं घड्याळ नाशिकच्या सूर्यावर चालत नाही, त्याच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर चालतं. हे सर आधी सांगत नाहीत. दर पाच मिनिटांनी खूण करायला लावतात आणि वाट बघतात. जानेवारीच्या सुरुवातीला सावली ९० सेंटिमीटरच्या पुढे असते. २१ मार्चला ३६-३७ वर येते. एप्रिलच्या शेवटी दहा-बारा उरते. मुलं आलेखाच्या कागदावर ठिपके जोडतात आणि सर विचारतात, "शून्य कधी होईल?" कुणी पट्टी लावून १५ मे म्हणतं, कुणी रेषेचा बाक बघून २२ म्हणतं.

आपला जिल्हा साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे शून्य सावलीचा दिवस येतो २० मेच्या आसपास, आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात. मेमध्ये सुट्टी, जुलैत ढग. शाळेच्या वेळापत्रकात तो दिवस सापडतच नाही. म्हणून सरांनी तो मुलांच्या अंगणात नेला आहे. सुट्टीत जो तो आपापल्या दारात बाटली नाहीतर पाइपचा तुकडा उभा करतो आणि तारीख लिहून ठेवतो. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या तासाला तेच भांडण: कुणाचा अंदाज जवळ गेला. सरांचा नियम एकच. वहीतला आकडा खोडायचा नाही. शंका असेल तर शेजारी दुसरा लिहायचा आणि का ते लिहायचं.

शहरातल्या शाळांना तर काठीही नको. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. बातमीत मात्र आकडा क्युसेकचा असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. १० हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर, एका सेकंदात. आठवी-नववीच्या मुलांनी एका पावसाळ्यात विसर्गाचे आकडे आणि मारुतीवरची पातळी, त्या-त्या वेळेसह, वर्तमानपत्रातून नुसती टिपून ठेवली तर पाणी सोडल्यापासून घाटावर पोचायला किती वेळ लागतो हे त्यांचं त्यांनाच काढता येईल. घाटावर टपरी असणाऱ्या माणसाला हे गणित उपयोगाचं आहे आणि पूरनियंत्रणात काम करणाऱ्या अभियंत्यालाही. वर्गात 'वेग, अंतर, काळ' शिकवताना मुंबईहून आणि पुण्याहून सुटणाऱ्या दोन आगगाड्या एकमेकींना भेटवत बसण्यापेक्षा हे कितीतरी जिवंत आहे.

करून शिकण्याची ही कल्पना नवीन नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली साध्या सरकारी शाळांमधून असा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला आणि तीस वर्षं चालला. परीक्षाही उघड्या पुस्तकाची, त्यात प्रयोग करून दाखवायचा. २००२ मध्ये तो बंद झाला. पण गरीब शाळेत, स्वस्त साहित्यात हे जमतं, हे त्याने दाखवलं आहे. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सांगितले आहेत, गावातल्या कारागिरांकडे, व्यावसायिकांकडे जाऊन काम बघण्याचे. नाशिकला ते दहा दिवस कुठे घालवायचे हा प्रश्नच पडू नये. टर्नरकडे जा, द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये जा, वायरमनबरोबर फिरा. एकच अट घालावी: प्रत्येक ठिकाणी मुलांनी काहीतरी मोजून यावं.

माझ्या हातात धोरण नाही. माझ्या हातात एक कपाट आहे. गुणवत्ता विभागातली प्रत्येक मोजपट्टी, व्हर्निअर, मायक्रोमीटर ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकतेच्या तपासणीला, जातं. जे नापास होतं त्याला लाल पट्टी लागते आणि ते कामातून बाद होतं. त्रुटी असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, फार तर दोन-चार शतांश. आम्हाला ते चालत नाही. शाळेला ते वर्षानुवर्षं चालेल. तरी ही उपकरणं कपाटात पडून राहतात आणि मग भंगारात वजनावर जातात. गेल्या वर्षी मी मालकांशी बोलले. ते लगेच हो म्हणाले, फक्त ती चुकून कुठल्या कारखान्यात परत शिरू नयेत म्हणून प्रत्येकावर 'फक्त शिक्षणासाठी' असं कोरून घेतलं. दिंडोरीच्या सरांकडे ती पोचवली. मुलांनी पहिल्याच दिवशी पाच रुपयांचं एकच नाणं तीन व्हर्निअरनी मोजलं. तीन उत्तरं आली आणि तिन्ही वहीत शेजारी-शेजारी बसली. एका मुलीने विचारलं, "सर, मग नाण्याचं खरं माप कुठलं?" त्यावर वर्गात जे बोलणं सुरू झालं ते पुढचे दोन तास संपलं नाही, मराठीचा तासही त्यातच गेला.

अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे इथे गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी हे वाचलं असेल तर आपापलं कपाट एकदा उघडून बघा. लाल पट्टीचं एखादं व्हर्निअर, जुना डायल गेज, खणात पडलेला स्लिप गेजचा (प्रमाण मापाच्या ठोकळ्यांचा) अपुरा संच काहीही निघेल. जवळच्या शाळेत विचारा, विज्ञानाच्या शिक्षकांना स्वतः नेऊन द्या आणि तासभर थांबून ते धरायचं कसं तेवढं मुलांना दाखवा. कॅलिब्रेशनचा नापास झालेला अहवालही सोबत द्या. त्रुटी किती आणि कुठल्या बाजूला हे त्यात लिहिलेलं असतं. मुलांना ती आपल्या मापातून वजा करून बघायची असते.